सुटणारा विषय

आधीच माफी मागून घेतो. पुस्तकात छापावं असं माझ्याजवळ काही नाही, आणि लिहायचं कसं हेही मला नीट येत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. तेव्हा कॉलेजात विद्यार्थ्याला सल्ला कसा द्यावा, यावर मी काही सांगणं हे मलाच आगाऊपणाचं वाटतं. लिहायला बसलो की मनात येतं, हे कोणी शिकल्या घरच्या माणसानं लिहायला पाहिजे होतं. पण शिकल्या घरच्या माणसाच्या हातून ही चूकच झाली नसती. घरी कोणीतरी त्याला वेळेवर एक प्रश्न विचारला असता. आम्हाला तो कोणी विचारला नाही, आणि आम्हीही कोणाला विचारला नाही. म्हणून मीच लिहितो. कमीजास्त झालं तर सांभाळून घ्यावं.

आमचं शेत इंझोरीच्या अलीकडे आहे. थोडं सोयाबीन, थोडी तूर, आणि विहिरीच्या बाजूला भाजीपाला. वांगी, मेथी, सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे मला कॉलेजात आल्यावर बाहेरच्या लोकांना सांगावं लागलं. बाबा भाजी घेऊन मंगरूळपीरच्या बाजारात जातात, आणि मी मंगरूळपीरच्याच कॉलेजात बी.एस्सी.ला आहे. मला गणिताचा शिक्षक व्हायचं आहे. हे मी दहावीत असताना ठरवलं आणि फारसं कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं आणि झालं नाही तर लोक ते लक्षात ठेवतात.

नवीन पद्धतीत पहिल्या वर्षी तीन विषय सारख्या वजनाचे असतात. माझे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित होते. दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर होतो, एक मायनर होतो आणि तिसरा सुटतो. ही निवड मोबाईलवरच करायची होती. कॉलेजनं शिकवण्यासाठी एक ऑनलाइन वर्ग घेतलेला होता. त्यात सूचना यायच्या, व्हिडिओ यायचे आणि प्रत्येकाखाली एक हिरवं बटण असायचं. त्यावर लिहिलेलं असायचं, ‘समजले’.

निवडीबद्दल आमच्या मॅडमनी एक लांबलचक व्हिडिओ टाकला होता. मॅडम रसायनशास्त्र शिकवतात, आणि आमच्या तुकडीच्या मार्गदर्शक म्हणून त्यांच्याकडे जबाबदारी होती. आमच्या तुकडीत मुलं एवढी, की एकेकाला समोर बसवून बोलणं त्यांना शक्यच नव्हतं. म्हणून त्यांनी शासनाचं परिपत्रक समोर ठेवून सगळं व्हिडिओत वाचून दाखवलं. ‘बहुविद्याशाखीय’, ‘श्रेयांक’, ‘निर्गमन पर्याय’ असे शब्द होते आणि मागे पंख्याचा आवाज होता. आमच्या शेतात नेट विहिरीच्या काठावरच येतं, तेही थांबत थांबत. मी व्हिडिओ सुरुवातीला थोडा पाहिला, मग मध्येच चाक फिरत राहिलं, आणि मी बटण दाबलं. समजले.

शेजारच्या सीटवर बसणारा माझा दोस्त रोज माझ्याबरोबर एसटीनं येतो. त्यानं तर व्हिडिओ उघडलाही नव्हता. मी त्याला म्हटलं, निदान थोडा तरी पाहून घे. तो म्हणाला, “अबे, समजलं दाबाचं असते. नाही दाबलं तं मॅडमले वाटन, पोट्टे माह्यं आयकतच नाही. कायले बुढीच्या जिवाले लावतं?” मॅडम काही बुढ्या नाहीत, पण त्याचं बोलणंच तसं आहे.

आता आम्ही विषय कसे निवडले ते सांगतो. आमच्या बाजूला जाणारी गाडी दुपारनंतर एक आहे, आणि तिच्यानंतरची पार दिवेलागणीला. दुसऱ्या वर्षाचा गणिताचा तास शेवटी होता. तो केला की गाडी गेलेली असायची. भौतिकशास्त्राचा तास सकाळी होता. आमच्या गाडीनं येणाऱ्या सगळ्या मुलांनी रसायनशास्त्र मेजर घेतलं, भौतिकशास्त्र मायनर घेतलं आणि गणित सोडलं. मीही सोडलं. मला वाटलं, मायनर म्हणजे बारका विषय, त्यात काय एवढं पाहायचं. आणि गणित काय, मला येतंच. जे येतं ते सुटलं तर बिघडतं काय, पुढे शिक्षक होताना ते पुन्हा हातात घेऊ. हा विचार मी खरोखर केला होता. आज लिहिताना तो वेडेपणाचा दिसतो, पण तेव्हा तो मला हुशारीचा वाटला होता.

चूक कळली ती एका शब्दामुळे. श्रावणातली गोष्ट. मंगरूळपीरच्या स्टँडवर मला माझे शाळेतले गणिताचे सर भेटले. मी पाया पडलो. त्यांनी कॉलेजची चौकशी केली आणि मग विचारलं, गणित काय म्हणतं.

मी म्हटलं, “सुटलं सर.”

सरांचा चेहरा एकदम फुलला. “सुटणारच ना,” ते म्हणाले. “तुला सुटणार नाही तर कोणाला सुटणार?”

ते त्यांच्या बरोबरच्या माणसाला सांगायला लागले, की हा माझा विद्यार्थी, शाळेत असताना फळ्यावर माझ्याआधी उत्तर काढायचा. आता हे असंच चालू द्यावं आणि गाडीत चढावं, असंही एकदा मनात आलं. पण मला खोटं घेऊन चढता येईना. मी म्हटलं, सर, तसं नाही. गणित विषयच सुटला. मायनरमध्ये भौतिकशास्त्र घेतलं.

सरांनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. ते रागावले नाहीत. त्यांनी हळूच विचारलं, “मग बी.एड.ला गणित अध्यापन पद्धती कशी मिळणार तुला? पदवीला गणित नसलं तर शाळेत गणिताला कोण घेईल?” मला हे माहीत नव्हतं. त्यांना वाटलं मला माहीत असूनच मी बेत बदलला. मी बेत बदललेला नव्हता. मी फक्त गाडी पकडली होती.

घरी गेलो तर जेवण गेलं नाही. माय म्हणाली, बाहेर काही खाऊन आला असेल. बाबांनी विचारलं तेव्हा मी थोडक्यात सांगितलं, की मायनर चुकला. बाबा वांग्यांच्या टोपल्याला पोतं शिवत होते. त्यांनी सुई थांबवली.

“मायनर म्हंजे आपलं कालव्याचं? त्याच्यातबी शिक्षन असते काय बापू?”

आमच्याकडे शेतात पाणी आणणाऱ्या कालव्याच्या लहान फाट्यालाही मायनर म्हणतात. मी म्हटलं, तसं नाही, मेजर म्हणजे मुख्य विषय आणि मायनर म्हणजे त्याच्यापेक्षा लहान.

“मंग तेच तं,” बाबा म्हणाले. “मोठा कालवा आपल्या धुऱ्यावरून जाते. त्याचं पानी कधी आलं काय आपल्या वावरात? वावरात येते ते मायनरचं. अन तू तेच सोडून आला?”

मला हसावं की रडावं कळेना. मग त्यांनी विचारलं, की पण सोडलं तरी कशासाठी. मी गाडीचं सांगितलं. बाबा पुन्हा पोतं शिवायला लागले. मग म्हणाले, “गाडी गेली असती तं मी आलो असतो ना फटफटी घेऊन. सांगाचं तं होतं.”

त्यांना सांगायचं असतं हे मला सुचलंच नव्हतं. विषय कोणता घ्यावा हे बाबांना काय विचारायचं, असं माझ्या मनात होतं. पण माझा प्रश्न विषयाचा नव्हताच, गाडीचा होता, आणि गाडीबद्दल बाबांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमकडे गेलो. दाराबाहेर उभा राहिलो, दोनदा मागे फिरलो, मग आत गेलो. मॅडमनी शांतपणे सगळं ऐकलं. मग संगणकावर आमच्या तुकडीचं पान उघडलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. सगळ्या मुलांच्या नावांपुढे हिरवी खूण होती. माझ्याही.

“तू समजले दाबलं होतंस,” मॅडम म्हणाल्या.

“हो मॅडम.”

“पण समजलं नव्हतं.”

“नाही मॅडम.”

“मग दाबलंस का?”

मी खाली पाहत म्हटलं, “तुम्ही एवढं सांगितलं होतं ना मॅडम. नाही कसं म्हणायचं?”

मॅडम कोल्हापूरकडच्या आहेत. त्यांना माझं म्हणणं लगेच कळलं नाही. मग मी जमेल तसं सांगितलं. आमच्याकडे मोठ्या माणसानं काही सांगितलं की आम्ही ‘हाव’, म्हणजे ‘हो’, म्हणतो. बाबांनी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, आवाज दिला, मोटर बंद कर, की मी म्हणतो हाव. त्या हावचा अर्थ मोटर बंद झाली असा नाही. कोणती मोटर, केव्हा बंद करायची, हे कळलं असाही नाही. तुमचा आवाज माझ्यापर्यंत आला आणि मी तुमचा मान ठेवला, एवढाच त्याचा अर्थ. पुढचं मग जवळ जाऊन विचारायचं असतं. तुमच्या बटणावर आम्ही सगळ्यांनी हाव म्हटलं होतं. जवळ येऊन विचारायची जागा तिथे नव्हती.

मॅडम हिरव्या खुणांकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, की याच खुणा मोजून त्यांनी कॉलेजच्या समितीला कळवलं होतं, मार्गदर्शन सगळ्यांपर्यंत पोहोचलं. त्यांचा आवाज उतरला होता. मला वाईट वाटलं. मी त्यांना वाईट वाटू नये म्हणूनच तर बटण दाबलं होतं.

त्या दिवशी आम्ही दोन कामं सुरू केली. पहिलं काम माझं. मायनर बदलून गणित मिळावं म्हणून कॉलेजमार्फत विद्यापीठाकडे अर्ज करायचा. मुदत गेलेली होती, तेव्हा मॅडमनी स्पष्ट सांगितलं, की होईलच असं मी म्हणत नाही, आणि उत्तर यायला वेळ लागेल. मी माझ्या गाडीतल्या मुलांनाही अर्ज करा म्हटलं. दोस्तानं हात झटकले. “मले कायले पाह्यजे गनित? मले पोलीस भरती पाहाची हाये. तिथं धावा लागते, मोजा नाही लागत.” त्याचं खरंच होतं. त्याचं काही बिघडलेलं नव्हतं. बिघडलं होतं ते माझं.

दुसरं काम मॅडमचं, पण त्यांनी मला त्यात घेतलं. पहिल्या वर्षाची मुलं काही महिन्यांनी हीच निवड करणार होती. त्यांना पुन्हा तोच व्हिडिओ दाखवायचा नाही, हे त्यांनी ठरवलं होतं. त्या म्हणाल्या, तुला कुठे काय कळलं नाही तेवढं मला सांग, बाकी मी पाहते. मी सांगत गेलो आणि त्या लिहीत गेल्या. शेवटी त्यांनी पेन ठेवलं आणि म्हणाल्या, “हे तूच का बोलत नाहीस?”

मी नाही म्हणालो. मॅडमना मी सरळ नाही म्हटल्याची ती पहिलीच वेळ. त्या हसल्या, पण त्यांनी ऐकलं नाही.

आम्ही व्हिडिओ सोडला आणि आवाजाचे छोटे छोटे धडे करायचे ठरवले. ते शेतात, गाडीत, कमी नेटवरही उतरतात. पहिला धडा मी मोटरच्या खोलीत बसून भरला. मोटर बंद होती तरी बाहेर कोंबड्या होत्या. मी अगदी शाळेच्या भाषणासारखं बोललो. ‘विद्यार्थी मित्रहो, आज आपण मेजर व मायनर या संकल्पनांचा परामर्श घेणार आहोत.’ दोस्ताला ऐकवलं. तो ऐकून म्हणाला, “अबे, तू काय तहसीलदार होय? कोनाले नोटीस देऊन राह्यला?”

मग मी ते पुसलं आणि गाडीत बोलतो तसं बोललो. बाबांचा कालवा घेतला. मेन कालव्याचं पाणी वावरात येत नाही, मायनरचं येतं, म्हणून त्याला बारका समजू नका. आणि मग म्हटलं, की कोणता विषय घेता हे सगळे विचारतात. तुम्ही स्वतःला हे विचारा, की सुटणारा विषय कोणता. जो सुटेल तो परत हातात येणं कठीण आहे. तो सुटला तर पुढचं काय काय बंद होतं ते आधी पाहा, मग बाकीचे दोन निवडा.

मॅडमना भाषेची थोडी भीती वाटली. कॉलेजच्या वर्गात वऱ्हाडी चालेल का, कोणी काही म्हणेल का. त्यांनी रात्रभर विचार केला असावा. सकाळी म्हणाल्या, भाषा तुझी राहू दे, पण नियम मी तपासणार, एकेक वाक्य. आणि ते बरंच झालं. एका धड्यात मी सांगून टाकलं होतं, की मायनर पुढे केव्हाही बदलता येतो. माझा अर्ज गेला होता ना, मला वाटलं तसा नियमच असेल. मॅडमनी ते काढायला लावलं. म्हणाल्या, “अर्ज गेला म्हणजे दार उघडलं असं नाही. तुला आशा आहे म्हणून त्यांना चुकीचं सांगू नकोस.” ते मला लागलं. पण मी ते वाक्य पुन्हा भरलं.

समजले हे बटण आम्ही त्या धड्यांवरून काढून टाकलं. त्याच्या जागी तीन प्रश्न आले. तुझे विषय कोणते? त्यातला सुटणारा कोणता? तो सुटला तर तुला काय करता येणार नाही? उत्तर बोलून द्यायचं, लिहून नाही, म्हणजे एकाचं पाहून दुसऱ्याला उतरवता येत नाही. शिवाय ऑनलाइन वर्गातच एक पेटी ठेवली, तिथे नाव न देता काहीही विचारता येत असे.

त्या पेटीत आधी कोणी काही टाकेना. मग मीच एक प्रश्न टाकला. मग पेटी भरायला लागली. मेजर घेतला तर पुस्तकं जाड असतात काय. मायनरचे मार्क मिळवणीत धरतात काय. एकानं विचारलं, दोन्ही विषय सोडले तर चालते काय. एकानं विचारलं, मॅडम खरंच वाचतात की मशीनच उत्तर देतं. मॅडमनी त्याला लिहिलं, मीच वाचते आणि चहा पिता पिता वाचते. त्यानंतर प्रश्नांची भाषा एकदम मोकळी झाली.

आवाजातली उत्तरं मात्र हळूहळू आली. बरीच मुलं पाठ केल्यासारखं बोलायची. एक उत्तर मला अजून आठवतं. ती मुलगी पहिल्या वर्षाला होती, तिच्याही घरी भाजीपाला, आणि ती जवळजवळ कुजबुजत होती. मागे कोणीतरी भाजीच्या जुड्या मोजत होतं. ती म्हणाली, “माह्यं प्रानीशास्त्र सुटते. ते सुटलं तं…” मग बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. “ते सुटलं तं काय होते, मले मालूम नाही.”

मॅडमनी ते दोनदा ऐकलं. त्या खुर्चीवर मागे टेकल्या आणि म्हणाल्या, “एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी निवडीच्या आधी मला ‘माहीत नाही’ म्हणालं.” त्यांनी त्या मुलीला फोन लावला. मी बाहेर निघून आलो, कारण ते तिचं बोलणं होतं. नंतर मॅडमनी एवढंच सांगितलं, की तिला मत्स्यपालनाकडे जायचं आहे आणि ती प्राणीशास्त्रच सोडायला निघाली होती. का, तर वर्गातल्या मैत्रिणी सोडत होत्या. आता ते तिचं मेजर आहे.

उत्तरं जमत गेली तसं आणखी एक लक्षात आलं. विषय का सोडतोस, याचं उत्तर पुन्हा पुन्हा एकच होतं. गाडी. कोणाची कारंज्याकडची, कोणाची मानोऱ्याकडची. मॅडमनी ते वेळापत्रकाच्या समितीपुढे ठेवलं. तिथे एक सर म्हणाले, की विषय निवडताना मुलं एसटीचा विचार करतात, यात कॉलेजनं काय करायचं. मॅडम म्हणाल्या, निदान आपण तेवढं विचारायला शिकलो. शेवटी काही तास पुढे सरकले, काही सरकले नाहीत. गणिताचा शेवटचा तास होता तिथेच राहिला.

आणि मी तो तास करायला लागलो होतो. अर्जाचं उत्तर यायच्या आधीच. कॉलेजातल्या गणिताच्या सरांना मी विचारलं, की माझं नाव या वर्गात नाही, पण मागे बसू का. ते म्हणाले, बस, पण परवानगी आली नाही तर हे सगळं फुकट जाईल, हे तुला माहीत आहे ना. मी हो म्हटलं. या वेळी ते मला खरंच माहीत होतं. वर्गात हजेरी व्हायची तेव्हा माझं नाव यायचं नाही. सर फळ्यावर समीकरण लिहायचे आणि मी पहिल्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं उत्तर द्यायचो नाही, कारण मला वाटायचं, मी पाहुणा आहे. मग एकदा सरच म्हणाले, मागे बसलेल्या पाहुण्यानं बोलावं. तेव्हापासून बोलायला लागलो.

श्रावणाआधीचे जे तास माझे हुकले होते ते भरून काढायला शासनाच्या मोफत ऑनलाइन वर्गातले धडे होते. विहिरीच्या काठावर फोन एका फांदीला बांधून मी ते पाहायचो. त्यातले शिक्षक इंग्रजी पटकन बोलायचे, मग मी थांबवून पुन्हा ऐकायचो. बाबा पाणी द्यायला आले की विचारायचे, “कुठवर आलं?” मी सांगायचो, की अमुक भाग झाला. ते म्हणायचे, “बरं.” त्यांना तो भाग कळत नव्हता. पण कुठवर आलं हे विचारायचं असतं, हे त्यांना कळत होतं.

तास संपल्यावर बाबा फटफटी घेऊन यायचे. रोज नाही, बाजाराच्या दिवशी तर त्यांना जमतच नसे. तेव्हा मी दूध नेणाऱ्या गाडीत मागे बसून यायचो किंवा दिवेलागणीच्या एसटीची वाट पाहायचो. स्टँडवर लोक विचारायचे, अजून इथेच, आणि मी म्हणायचो तास होता. दोस्त एकदा म्हणाला, “लेका, ज्या विषयात तुह्यं नाव नाही, त्याच्यासाठी तू गाडी सोडून राह्यला. अन ज्याच्यात नाव होतं, ते तू गाडीसाठी सोडलं.” मला त्याचा राग आला, कारण ते बरोबर होतं. मग आम्ही दोघंही हसलो.

परीक्षा आल्या. रसायनशास्त्र दिलं, भौतिकशास्त्र दिलं. गणिताचा पेपर त्या वर्गातल्या मुलांनी दिला, मी दारापर्यंत त्यांच्याबरोबर गेलो आणि पेपर सुटल्यावर प्रश्नपत्रिका मागून घेतली. वाचनालयात बसून तो पेपर सोडवला. सरांनी तपासून दिला. एक गणित सोडून सगळं बरोबर होतं. ते एक का चुकलं हेही सरांनी दाखवलं. त्या गुणांचा कुठेही उपयोग नव्हता. पण मला माहीत झालं, की परवानगी आली तर मी मागे राहणार नाही, आणि नाही आली तरी ती मी लायक नव्हतो म्हणून नाही.

माघ उलटला. तुरी निघाल्या, हरभरा घाटे धरून उभा राहिला. विद्यापीठाकडून काही येईना. मी रोज ऑफिसात चौकशी करायचो. तिथले बाबू मला पाहिलं की मान हलवायचे, मग मी आत जायचं सोडून दारातूनच पाहायचो. मॅडम दोनदा विद्यापीठात फोन लावून थकल्या. एकदा मी त्यांना म्हटलं, मॅडम, राहू द्या आता. त्या म्हणाल्या, “तू थकलास का?” मी म्हटलं, नाही. “मग मला का सांगतोस?”

मी ठरवून टाकलं होतं. परवानगी नाही मिळाली तर पदवी पूर्ण करायची आणि मग गणित घेऊन पुन्हा पहिल्यापासून पदवी करायची. घरी हे बोललो नव्हतो. वर्षं जास्त जातील, पण शिक्षक व्हायचं तर गणिताचाच. मायनर चुकला म्हणून मी दुसरं काही व्हावं हे मला पटत नव्हतं. एवढं ठरल्यावर मला जरा बरी झोप यायला लागली.

पहिल्या वर्षाच्या मुलांनी ऑनलाइन वर्गात निवड नोंदवायला सुरुवात केली, त्या आठवड्यात मॅडमनी मला शेवटचा धडा भरायला सांगितला. निवड पक्की करण्याआधी घरी कोणाकोणाला काय विचारायचं, असा तो धडा होता. मी शेतात मेथीच्या वाफ्याजवळ बसून बोलत होतो. अर्धा धडा झाला आणि मध्येच फोन वाजला. मॅडमचा होता. मला वाटलं, धडा लवकर पाठव म्हणत असतील.

मॅडम म्हणाल्या, विद्यापीठाचं उत्तर आलं. मायनर बदलून गणित दिलं आहे. तिसऱ्या सत्राचं गणित पुढच्या हिवाळ्यात, खालच्या वर्षाच्या मुलांबरोबर बसून द्यावं लागेल. वर्ष वाया जाणार नाही.